बिजागरी नको, विळी बघा : सॉ क्लीव्हरची घडी होणारी प्रतिकृती घरी करताना

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. ‘ब्लडबोर्न’ या व्हिडिओ गेममधला सॉ क्लीव्हर, म्हणजे करवतीचा सुरा होणारं घडीचं हत्यार, घरी करायचा आहे आणि तो खरोखर उघडला-मिटला पाहिजे. थ्रीडी प्रिंटर नाही. कारखाना म्हणजे फ्लॅटची बाल्कनी, हत्यारं म्हणजे एक ड्रिल मशीन आणि कटर. खर्च दोन हजारांच्या आत बसवायचा, कॉस्प्लेला, म्हणजे गेममधल्या पात्रांचा वेश करून जमायच्या कार्यक्रमाला, न्यायचं, आणि शेवटचा प्रश्न : ‘बिजागरी कुठली लावू?’

कुठलीच लावू नका.

मी बरीच वर्षं प्रायोगिक नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, करत आलो आहे. गेममधल्या वस्तूंचा नाद नंतर लागला. माझा पहिला सॉ क्लीव्हर कपाटाच्या दाराच्या बिजागरीवर उभा होता : सहा मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), चार स्क्रू, वर भरपूर अराल्डाइट गोंद. टेबलावर ठेवून उघडला-मिटला तेव्हा काय ऐट होती त्याची! हातात घेऊन पंधरावीस वेळा फिरवल्यावर चारही स्क्रू एमडीएफचा भुसा घेऊन बाहेर आले आणि पातं कुंडीत जाऊन पडलं. बिजागरी दारासाठी बनते. दाराचं वजन ती एका बाजूने झेलते आणि दाराला कुणी हवेत फिरवत नाही. आपल्या वस्तूचं सगळं आयुष्य हवेत फिरण्यातच जाणार आहे.

मग काय लावायचं? स्वयंपाकघरात घडीची विळी असेल तर ती आणा, नसेल तर गावाकडून मागवा. तिचं पातं दोन लोखंडी कानांच्या मध्ये बसलेलं असतं आणि तिन्हींमधून आरपार एक खीळ जाते. पातं उभं केलं की त्याचं बूड खाली टेकतं आणि तिथेच थांबतं, आडवं केलं की दुसऱ्या बाजूने टेकतं. दोन कान, एक खीळ आणि थांबायच्या दोन जागा, एवढंच सगळं यंत्र. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर नारळ खवले गेले, भोपळे चिरले गेले तरी ते हललं नाही. सॉ क्लीव्हरचा सांधा अगदी असाच करायचा. पातं, दात, गंज, रक्त ही सगळी सजावट झाली, वस्तू म्हणजे सांधा. तो आधी करा आणि तो जमेपर्यंत फोमच्या शीटला हात लावू नका.

ज्यांनी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘ब्लडबोर्न’ २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर आला. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने तो बनवला, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. यार्नम नावाच्या व्हिक्टोरियन धाटणीच्या अंधाऱ्या शहरात शिकारी श्वापदांमागे फिरतात आणि त्यांच्या जवळपास प्रत्येक हत्याराची दोन रूपं असतात. सुरुवातीला तीनपैकी एक हत्यार निवडायला मिळतं, सॉ क्लीव्हर त्यातला एक. मिटलेला असताना ती आखूड करवत असते, दात पुढे. बटण दाबलं की पातं मुठीच्या पुढून वर फिरतं आणि लांब सुरा होतो, दात मागे जातात. म्हणूनच गेममध्ये दातांमुळे श्वापदांना होणारी जास्तीची इजा फक्त मिटलेल्या रूपात मिळते. त्याचा भाऊबंद सॉ स्पिअर दोन्ही रूपांत ती देतो. आपल्या कामाच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची : पातं मुठीच्या पुढच्या बाजूने फिरतं, म्हणजे बोटांच्या बाजूने. पुढे हे दोनदा आडवं येणार आहे.

आता माप. गेममधल्या हत्याराला फुटपट्टी लावता येत नाही, पण पात्राच्या हाताला लावता येते. हत्यार धरलेला हात स्पष्ट दिसेल असं चित्र घ्या. चार बोटांची रुंदी साधारण साडेआठ ते नऊ सेंटिमीटर धरा आणि त्या हिशेबाने बाकीचं मोजा. त्यात स्वतःची उंची आणि हात बघून कमी-जास्त करा. माझ्या प्रतीत मूठ ४८ सेंटिमीटर आणि पातं ५५ सेंटिमीटर आहे. मिटल्यावर ते मोठ्या पाठपिशवीत मावतं, आणि घडी होणारी वस्तू करण्याचा खरा फायदा लोकलने जाणाऱ्याला कळतो.

सांध्याची जागा डोळ्याच्या अंदाजाने ठरवणारे बरेच जण पाहिले आहेत. शाळेतल्या भूमितीत हे उत्तर आहे. मिटलेलं आणि उघडलेलं अशी दोन चित्रं एकाच मापात, दोन ट्रेसिंग पेपरवर काढा आणि मूठ मुठीवर तंतोतंत बसेल असे कागद एकमेकांवर ठेवा. आता पात्यावरचे दोन बिंदू निवडा, समजा टोक आणि मधला एखादा दात. टोकाची मिटलेली जागा आणि उघडलेली जागा रेषेने जोडा आणि त्या रेषेचा लंबदुभाजक काढा. दाताचंही तसंच करा. दोन दुभाजक जिथे छेदतील तिथे खीळ. सांध्याच्या सरळ रेषेतले दोन बिंदू मात्र घेऊ नका, दुभाजक जवळजवळ एकावर एक पडतात आणि छेद कुठे आहे ते दिसतच नाही.

हा छेदबिंदू कधीकधी मुठीच्या बाहेर हवेत येतो. घाबरू नका, चूक तुमची नाही. गेममध्ये दोन तुकडे एकमेकांतून आरपार गेले तरी त्यांना अडवायला तिथे लाकूड नसतं. अशा वेळी खीळ मुठीच्या आत ओढून घ्या आणि उघडण्याचा कोन थोडा सोडा. मी पूर्ण १८० अंशांऐवजी १६५ अंशांवर थांबलो. आजवर एकाही माणसाने कोनमापक काढलेला नाही.

यानंतर पुठ्ठा. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, खऱ्या मापाची मूठ आणि पातं कापा, सांध्याच्या जागी बोल्ट घाला आणि फिरवून बघा. तीन गोष्टी इथेच कळतात : पात्याची मागची कड मुठीला कुठे घासते, मिटल्यावर बोटांना जागा उरते का, आणि आरशात वस्तू तुमच्या हातात शोभते का. मिटलेलं पातं आणि मूठ यांच्यामध्ये, जिथे हात येतो तिथे, किमान तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. हातमोजे घालणार असाल तर चार. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात ही जागा दोन सेंटिमीटर होती. करंगळीच्या नखाखाली रक्त साकळून ते तीन महिने काळं होतं, आणि तेही पुरतं अस्सल दिसत होतं.

पुठ्ठा जमला की लाकूड. मूठ तीन थरांची करायची : बाहेर दोन्ही बाजूंना चार मिमी प्लायचे गाल, मध्ये सहा मिमी प्लायची पट्टी. मधली पट्टी सांध्याच्या अलीकडेच संपते, म्हणजे वरच्या टोकाला दोन गालांमध्ये खाच तयार होते. विळीचे दोन कान ते हेच. पात्याचा गाभा चार मिमी प्लायचा. त्याची शेपटी त्या खाचेत शिरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मिमीचा वॉशर बसतो. चार अधिक दोन, सहा. कागदावर हिशेब चोख आहे, पण सहा मिमी म्हणून घेतलेला प्लाय बरेचदा साडेपाचच भरतो. म्हणून दुकानातच व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा, किंवा घरी आल्यावर वॉशरची जाडी जुळवून घ्या.

एमडीएफ का नाही, असं विचाराल. ५५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी दहा सेंटिमीटर रुंद पातं धरलं तर क्षेत्रफळ ५५० चौरस सेंटिमीटर होतं. चार मिमी प्लायमध्ये त्याचं वजन साधारण १३० ग्रॅम, सहा मिमी एमडीएफमध्ये २५० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही बाजूंना पाच मिमी ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यात असतो तसा रबरी फोम) लावला तर त्याचे जेमतेम ५०-६० ग्रॅम. पुट्टी आणि रंग धरून माझं पातं २५० ग्रॅमवर गेलं, अख्खी वस्तू ६०० ग्रॅमच्या आत. एमडीएफमध्ये पातं एकटंच ३५० ओलांडतं, आणि वर त्याच्या कडा दमट हवेत फुगतात. सनबोर्ड (जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात तो प्लॅस्टिकचा बोर्ड) हलका आहे, कटरने लोण्यासारखा कापला जातो, पण सांध्याजवळ बोल्टचं भोक दोन दिवसांत लांबट होतं. दाखवायची, न हलणारी प्रतिकृती करायची असेल तर सनबोर्डसारखं काही नाही. हलणारी असेल तर प्लाय.

आता खीळ. सहा मिमी जाडीचा बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हलवल्याने सैल न होणारा नट. साधा नट लावाल तर दर दहा फेऱ्यांनी पाना काढावा लागेल. पण बोल्ट थेट प्लायच्या भोकात घालू नका, कारण बोल्टचे आटे कानशीसारखे लाकूड खात राहतात. बाहेरून आठ, आतून सहा मिमी असा पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा नळीचा तुकडा घ्या, शेपटीला आठ मिमीचं भोक पाडा, नळी त्यात बसवा आणि बोल्ट नळीतून न्या. वॉशरचं भोकही आठचं, म्हणजे नळी त्यांच्याही आत राहते.

या नळीची लांबी हाच सगळ्या कामातला नाजूक भाग. शेपटी आणि दोन वॉशर मिळून जाडी सहा मिमी असेल आणि नळीही बरोबर सहा मिमी असेल, तर नट कितीही आवळा, गाल नळीवर टेकतील आणि पातं खुळखुळत राहील. नळी साडेपाच केली तर नट जरा जास्त आवळताच सांधा जाम होईल. ती केसभर आखूड, म्हणजे ५.८ च्या आसपास हवी. मग नटाच्या पाव फेऱ्याने सांधा हवा तेवढा घट्ट किंवा सैल करता येतो. बारीक कानस घ्या, दोनचार वेळा ओढा, बसवून बघा, परत काढा. याला अर्धा तास लागतो आणि तो द्यावाच लागतो.

वॉशर विकत घ्यायची गरज नाही. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं प्लॅस्टिक चिवट आणि निसरडं असतं आणि बरेचदा एक मिमीच्या जवळ भरतं. कात्रीने चार सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा आणि साबणाने दोनदा धुवा, नाहीतर तेलाचा डाग रंगातून वर येतो. चकती मोठी का? घर्षण मध्यापासून जितकं लांब मिळेल तितकी पकड चांगली. दोन सेंटिमीटरच्या चकतीला नट जीव खाऊन आवळावा लागतो, चारच्या चकतीला हलकेच. गालांच्या बाहेरून बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली मात्र लोखंडी, मोठ्या व्यासाचे वॉशर लावा, म्हणजे प्लाय दबणार नाही. सांधा बरोबर झाला की नाही याची माझी परीक्षा साधी आहे : मूठ आडवी धरून पातं जमिनीला समांतर उघडं ठेवायचं. ते आपोआप पडलं नाही आणि दोन बोटांनी ढकलल्यावर फिरलं, तर झालं.

यापुढचा भाग बहुतेक जण विसरतात : स्टॉपर. पातं उघडताना आणि मिटताना नेमकं कुठे थांबायचं ते काहीतरी सांगायला हवं. हे काम मधल्या पट्टीचं वरचं टोक करतं. तिचा पुढचा खांदा मिटलेल्या पात्याला अडवतो, मागचा उघडलेल्याला. आता जोर बघा. २५० ग्रॅमचं पातं, त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून २५ सेंटिमीटरवर. आडवं धरलं तर सव्वासहा किलो-सेंटिमीटरचा पीळ. स्टॉपर सांध्यापासून तीन सेंटिमीटरवर असेल तर त्याच्यावर दोन किलोंहून जास्त दाब, आणि हा नुसता धरून ठेवल्यावर. झटक्याने उघडून पातं थाडकन थांबवलं की हा दाब सहज दहापट होतो. वीस किलोंची टाच प्लायच्या सहा मिमी कडेवर! पन्नास वेळांत ती कड चेपते, आणि चेपली की उघडलेलं पातं दारू प्यायल्यासारखं मागे कलतं.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला, स्टॉपर सांध्यापासून शक्य तितका लांब न्या. मुठीचं वरचं टोक थोडं रुंद केलं तर साडेचार-पाच सेंटिमीटर मिळतात आणि दाब साधारण दोन तृतीयांशावर येतो. दुसरा, जिथे लाकूड लाकडावर आदळतं तिथे दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा अराल्डाइटने बसवा. खिडकीच्या सेक्शनचं काम करणाऱ्याकडे असे तुकडे जमिनीवर पडलेले असतात, मागितले तर पैसेही घेत नाही. शेपटीच्या टाचेवर रबराचा पातळ तुकडा चिकटवला तर आवाजही छान दबका येतो. सायकलची जुनी ट्यूब चालेल.

उघडल्यावरचं लॉक. इथे मी हट्टी आहे. सांध्याचं घर्षण पुरेसं आहे असं तुम्हाला वाटेल, कारण पातं जागेवर राहतं. पण घाव घातल्याचा अभिनय करताना काय होतं बघा. हात पुढे जातो तोवर पातं मागच्या स्टॉपरवर रेलतं. हात थांबतो, पण पातं थांबत नाही, ते पुढेच जाऊ बघतं, आणि पुढे म्हणजे मिटण्याच्या दिशेला, तुमच्या बोटांवर. म्हणून उघडलेल्या स्थितीत दोन्ही गाल आणि शेपटी यांतून आरपार जाणारं दुसरं भोक पाडा आणि त्यात सहा मिमीची पिन घाला. बोल्टचाच आटे नसलेला भाग कापून, डोक्यावर एम-सीलचा गोळा बसवून रंगवला की ती रिव्हेटसारखी दिसते. पिन दोरीने मुठीला बांधून ठेवा, गर्दीत पडली तर सापडत नाही. भोक पाडायचं ते सगळं जुळवून, पातं उघड्या स्थितीत स्टॉपरला टेकवून, क्लॅम्प लावून, एकाच दमात. तीन भोकं वेगवेगळी पाडून नंतर जुळवू म्हणणाऱ्याची तिन्ही भोकं कधीच जुळत नाहीत.

मिटलेल्या स्थितीला चुंबक पुरतो. दहा मिमी व्यासाचे, तीन मिमी जाडीचे निओडिमियम चुंबक घ्या, एक मुठीवर आणि एक पात्याच्या मागच्या कडेला. दोघांमध्ये बोटांची जागा असल्यामुळे मुठीवर एक छोटा ठोकळा लागेल, तो पकडीच्या अगदी वर बसवा. सांध्यापासून वीस सेंटिमीटरवर एक किलोची पकड मिळाली तरी पात्याच्या वजनाच्या तिप्पट जोर होतो. चुंबक आणि चुंबक यांच्यामध्ये रंग, फोम, गोंद असं काही साचू देऊ नका, एक मिलिमीटरचं अंतरही पकड निम्म्यावर किंवा त्याखाली आणतं. चिकटवण्याआधी दोन्ही चुंबकांच्या आकर्षणाच्या बाजूवर मार्करने खूण करा. ही खूण न केल्याने एकमेकांना ढकलणारे चुंबक मी दोनदा बसवले आहेत. आणि हीट गनचं (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचं) काम संपल्यावरच चुंबक लावा, कारण साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की कायमचे कमजोर होऊ लागतात.

स्प्रिंग लावून आपोआप उघडणारा करू का, असंही काहींना वाटतं. गेममध्ये ते पातं झटक्यात उघडतं आणि ते बघून हात शिवशिवतात, कबूल. पण गर्दीत लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर झटक्याने उघडणारी वस्तू मी कुणालाही करून देत नाही. सावकाश, दोन्ही हातांनी उघडा, फोटोत फरक दिसत नाही.

सांधा झाला, आता फोम. इथे मी भरभर जातो, कारण हे शिकवणारे पुष्कळ आहेत. पात्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी पाच मिमी ईव्हीए. मात्र सांध्याभोवती गाल जिथवर फिरतात तिथवरचं वर्तुळ कोरं सोडा, नाहीतर फोम गालांत अडकेल. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखा कॉन्टॅक्ट गोंद : दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून मध्यरेषेची खूण आधी करा. वासाने डोकं धरतं आणि वाफ पेटते, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. थर्माकोलवर हा गोंद कधी घालू नका, थर्माकोल विरघळून जातो.

दात फक्त फोमचे. प्लायचा गाभा दातांच्या मुळाच्या एक सेंटिमीटर अलीकडे थांबवा, म्हणजे कुणाला लागलं तर मऊ टोकच लागेल. कटरचं पातं दर पाचसहा कापांनंतर मोडून नवं काढा, बोथट पात्याने फोम कापला जात नाही, फाटतो. टोकं थोडी गोल करा. सगळे दात सारखे कापू नका, एखादा आखूड, एखादा वाकडा, वापरलेल्या करवतीसारखा. मग हीट गन लांबून फिरवली की फोमची छिद्रं मिटतात आणि पृष्ठभागाला किंचित चकाकी येते. तो गरम असतानाच चुरगळलेली अॅल्युमिनियम फॉइल त्यावर दाबली की ठोकून बनवलेल्या लोखंडासारखे खळगे उठतात. ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, आणि ती फुकट आहे.

रंगाआधी फोम बंद करायचा : साधा फेविकॉल पाण्यात थोडा पातळ करून तीन-चार हात. पावसाळ्यात एकेका हाताला पूर्ण दिवस द्या, वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो आणि नंतर रंगाला सुरकुत्या पडतात. नंतर काळा रंग, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी, फक्त कडांवर आणि उंचवट्यांवर. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली तर चंदेरी रंगाला न येणारी लोखंडाची चमक येते. आणि गंजासाठी महागडे रंग आणू नका. रांगोळीच्या दुकानात गेरू मिळतो. गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातकुळीतला. चिमूटभर गेरू पातळ फेविकॉलमध्ये कालवून बोल्टभोवती आणि दातांच्या खाचांत सोडा, अर्धवट पुसा. शेवटी मॅट वार्निश, नाहीतर गेरू कपड्यांना लागतो. रक्त मात्र जपून. यार्नमची शिकार कितीही रक्तबंबाळ असली तरी पात्यावर दोन वाळलेले, तपकिरीकडे झुकणारे ओघळ पुरतात. लालभडक रंग ओतला की टोमॅटो सॉस सांडल्यासारखं दिसतं.

मुठीला मांजरपाटाच्या तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या. कापड कात्रीने कापू नका, फाडा, कडांना धागे सुटतात ते हवेच आहेत. कडक काळ्या चहात रात्रभर भिजवा, वाळवा, ओढून गुंडाळा, टोक आत खुपसून गोंदाचा एक थेंब.

बाहेर नेताना. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना, खेळणं म्हणूनच वापरता येईल आणि खऱ्या शस्त्रात बदलता येणार नाही अशा वस्तू वगळल्या आहेत. म्हणून धातूचं पातं, धार, टोक यांतलं काहीही नको, सांध्यातले नट-बोल्ट तेवढे धातूचे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली निवडणुका-सणांच्या वेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यांत लाठ्याकाठ्या आणि इजा करू शकेल अशी कुठलीही वस्तू येऊ शकते, आणि रस्त्यावरचा हवालदार तुमच्या पात्यात फोम आहे की पोलाद हे दहा फुटांवरून सांगू शकत नाही. तेव्हा घरापासून कार्यक्रमाच्या दारापर्यंत वस्तू मिटलेली, पिशवीत, चेन लावून. कार्यक्रमाचे प्रॉप्सचे नियम आधी वाचा, लांबीची मर्यादा असेल तर ती उघडलेल्या लांबीला लावतील असंच धरून चाला. दारावरच्या माणसाला पातं स्वतःहून दाबून दाखवा, फोम दबलेला दिसला की बहुतेकदा तोच हसून विचारतो की उघडतं कसं.

सामान पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळेल. प्लाय अख्खी शीट घेऊ नका, सुताराकडचे उरलेले तुकडे पुरतात. वेळेचं म्हणाल तर तीन-चार रविवार धरा, त्यातले दीड रविवार रंग वाळण्यात जातात. पहिल्या रविवारी बाजार गाठू नका, एवढंच पुरे : ट्रेसिंग पेपर, पुठ्ठा, एक बोल्ट आणि घरात असेल तर विळी. पुठ्ठ्याचं पातं बोटांना न लागता मिटलं की मग बोहरी आळी.